वर्धकाची भूक आणि वर्धकाची झोंप

औंढा नागनाथ हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील हें क्षेत्र, तेथील हेमाडपंती देवालय आणि नामदेवांच्या कीर्तनासाठीं देवालय फिरल्याची परंपरागत कथा हीं घरोघरच्या वडील मंडळींच्या तोंडीं आहेत. अलीकडे मात्र या गांवाचें नांव एका निराळ्याच कारणानें देशोदेशींच्या शास्त्रज्ञांच्या बोलण्यांत येऊं लागलें आहे. औंढ्याजवळ दुधाळा गांवच्या परिसरांत लायगो-इंडिया नामक एक प्रचंड यंत्र उभें राहावयाचें आहे. २०१६ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें त्यास तत्त्वतः मान्यता दिली व ६ एप्रिल २०२३ रोजीं सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली. एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांशीं टांगलेले आरसे व त्या आरशांमध्यें येरझारा घालणारा लेसरचा किरण, असें त्याचें स्थूल स्वरूप. दूर अंतराळांत दोन कृष्णविवरें एकमेकांत मिसळलीं म्हणजे अवकाशांत जे तरंग उठतात, त्यांनीं या आरशांमधील अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाइतकें किंवा त्याहूनही कमी बदलतें. तेवढा बदल या यंत्रानें टिपावयाचा आहे.

या तरंगांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या यंत्राच्या पोटांतील एका नखाएवढ्या वस्तूविषयीं. आरशांवरून परत आलेला प्रकाश शेवटीं एका प्रकाशग्राहकावर पडतो, तेथें त्याचा विद्युत्प्रवाह होतो, आणि तो प्रवाह मोजतां येईल अशा स्थितीस आणण्याचें काम एक काळी चिप करते. इंग्रजी जाणणारे तिला ऑपरेशनल ॲम्प्लिफायर म्हणतात. आम्ही येथें 'वर्धक' हा सुटसुटीत शब्द योजूं. हाच वर्धक आजोबांच्या श्रवणयंत्रांत आहे, दवाखान्यांतील हृदयाचे ठोके लिहिणाऱ्या यंत्रांत आहे, आणि शेतांतील ओलावा मोजणाऱ्या लहानशा डबींतही आहे. त्यास वीज किती द्यावी, कशी द्यावी, आणि काम नसेल तेव्हां त्यास निजूं द्यावें कीं नाहीं, या प्रश्नावर एकीकडे घरांतील वृद्ध माणसाचें संभाषण अवलंबून आहे व दुसरीकडे औंढ्याच्या त्या यंत्राचें सारें यशापयश.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. वर्धक हा लहान संकेत घेऊन त्याचा मोठा संकेत 'करतो' असें म्हणतात. त्यावरून तो स्वतःच शक्ति निर्माण करतो असें वाटतें. वस्तुतः तो पाटाच्या दारावर बसविलेल्या माणसासारखा आहे. दार वरखालीं करण्यास त्याला थोडेंच बळ लागतें; पण त्या हालचालीबरोबर जें पाणी कमीअधिक वाहतें तें कालव्याचें असतें. वर्धकांत शिरणारा क्षीण संकेत केवळ दार हलवितो. बाहेर पडणारा जोरदार संकेत हा वीजपुरवठ्यांतूनच कापून घेतलेला असतो. म्हणून पुरवठा जर डहुळलेला असेल तर ती डहूळ कांहीं अंशानें बाहेरच्या संकेतांत उतरावयाचीच. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गांठ पडेल.

आतां भुकेचें पाहूं. एकत्र कुटुंबांत पाहुणा येवो न येवो, चूल दोन्ही वेळां पेटतेच. वर्धकाचेंही तसेंच आहे. त्याच्याकडे एकही संकेत आला नाहीं तरी आंतील ट्रान्झिस्टर सज्ज ठेवण्यासाठीं कांहीं प्रवाह सतत वाहत ठेवावा लागतो. यास आपण निवांत प्रवाह म्हणूं. अमेरिकेंतील फेअरचाइल्ड कंपनींत डेव्ह फुलागर यांनीं रचलेला व १९६८ मध्यें बाजारांत आलेला ७४१ या क्रमांकाचा वर्धक हा आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. अभियांत्रिकी शिकलेलें एकादें माणूस घरांत असेल तर त्यास विचारून पाहावें. या वर्धकाचा निवांत प्रवाह सुमारें १.७ मिलिअँपिअर असून त्यास अधिक पंधरा व उणें पंधरा असा दुहेरी व्होल्टदाब देण्याची रीत आहे. म्हणजे कांहींही न करतां तो सुमारें पन्नास मिलिवॅट खातो. भिंतींतील विजेवर चालणाऱ्या यंत्रास हा खर्च कांहींच नव्हे. परंतु रुपयाएवढ्या एका लिथियम घटांत सुमारें २२५ मिलिअँपिअर-तास इतकाच सांठा असतो. ७४१ त्या घटाच्या तीन व्होल्टांवर नीट चालणारच नाहीं, ही गोष्ट क्षणभर सोडून केवळ हिशेब केला, तर साडेपांच दिवसांत कोठार रिकामें होतें.

आतां याच जातीचे असे वर्धक मिळतात कीं ज्यांचा निवांत प्रवाह अर्ध्या मायक्रोअँपिअरच्याही आंत असतो. त्याच घटावर हिशेब मांडला तर एकावन्न वर्षें येतात. अर्थात् एवढा काळ घट स्वतःच टिकत नाहीं. इकडे वाटचाल फार पूर्वींपासून चालूं आहे. बॉब विड्लर या विक्षिप्त पण असामान्य बुद्धीच्या अभियंत्यानें १९७० नंतरच्या दशकांत १.१ व्होल्ट इतक्या अल्प दाबावर चालणारा एक वर्धक करून दाखविला. हा तोच गृहस्थ कीं ज्यानें, कंपनीनें बागेची निगा राखण्याचा खर्च कमी केला तेव्हां, वाढलेलें गवत खाण्यासाठीं एक मेंढी आणून कंपनीच्या दारांत बांधली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. असो.

मग कोणीही विचारील कीं, अर्ध्या मायक्रोअँपिअरवर जर भागतें तर तीन हजारपट अधिक खाणारे वर्धक अद्यापि कां करतात? काटकसर हा आपल्या घरांचा कुलधर्म असल्यामुळें हा प्रश्न आपणांस अधिकच सुचतो. त्याचें उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग वेगाचा. वर्धक डळमळूं नये म्हणून त्याच्या पोटांत एक लहानसा विद्युत्संचयक, म्हणजे कपॅसिटर, ठेवलेला असतो. ७४१ मध्यें त्याची धारणा सुमारें ३० पिकोफॅरड असून तो भरणारा आंतला प्रवाह सुमारें १५ मायक्रोअँपिअर असतो. भागाकार केला म्हणजे दिसतें कीं त्याचा दाब एका मायक्रोसेकंदांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक चढूं शकत नाहीं, आणि बरोबर हाच आंकडा त्या वर्धकाच्या माहितीपत्रकांत छापलेला आढळतो. घागर तीच ठेवून धार बारीक केली तर ती भरण्यास वेळ लागणारच. प्रवाह शंभरपट तोडला तर वेगही त्याच प्रमाणांत जातो. अर्ध्या मायक्रोअँपिअरवर जगणारे वर्धक सेकंदास कांहीं सहस्र आंदोलनांपलीकडे फारसे उपयोगी पडत नाहींत, याचें कारण हेंच.

दुसरा भाग शांततेचा, आणि आमच्या मतें तोच अधिक मोलाचा आहे. विद्युत्प्रवाह म्हणजे अखंड धार नसून सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा पाऊस आहे. पत्र्याच्या छपरावर पावसाचे तुरळक थेंब पडूं लागले म्हणजे टप्‌टप् असा विषम आवाज होतो. तोच मुसळधार लागला म्हणजे एकसारखा घोष ऐकूं येतो. थेंब चौपट झाले तर त्यांतील विषमता दुप्पटच होते, म्हणजे एकंदर पावसाच्या मानानें ती निम्म्यावर येते. वर्धकाच्या दर्शनी ट्रान्झिस्टरांत असाच प्रकार घडतो: त्यांतून प्रवाह अधिक सोडला तर त्याची स्वतःची खरखर, जिला शास्त्रज्ञ रव म्हणतात, ती संकेताच्या मानानें कमी होते, चौपट प्रवाहास निम्मा रव, असा साधारण हिशेब. ओपी-२७ नांवाचा एक नामांकित अल्परव वर्धक सुमारें तीन मिलिअँपिअर घेतो व त्याचा रव हर्ट्‌झच्या दर वर्गमुळामागें तीन नॅनोव्होल्ट इतकाच असतो. नॅनोअँपिअरांवर जगणाऱ्या मिताहारी वर्धकांचा रव याच्या शंभरपटीच्या घरांत जातो. प्रवाह वाढवीत राहिल्यानें शांतता वाढतच जाते असेंही नाहीं. एका मर्यादेनंतर ट्रान्झिस्टरच्या प्रवेशद्वारींच शिरणाऱ्या प्रवाहाचा रव वाढूं लागतो, आणि संकेताचा उगम जर मोठ्या रोधाचा असेल तर ही हानि फार लवकर होते. तथापि त्या मर्यादेच्या आंत शांतता ही विकत घ्यावी लागते, व तिची किंमत प्रवाहानें मोजावी लागते.

येथवर किती द्यावें याचा विचार झाला. कसें द्यावें हा प्रश्न निराळा. आपल्या घरांत येणारी वीज सेकंदास पन्नास आंदोलनें करते. ती एकदिश केली तरी सेकंदास शंभर वेळां उठणारी एक लाट तिच्यांत राहते. ती संचयकांनीं व नियंत्रकांनीं दाबून टाकावी लागते. तरी राहिलेला अंश वर्धकाच्या ताटांत पडतोच. जुन्या रेडिओंतून जो घुमल्यासारखा आवाज येई तो बहुधा याचाच. चांगला वर्धक ही घाण बऱ्याच अंशीं बाहेर ठेवतो. पुरवठ्यांत एका व्होल्टाची मंद चढउतार झाली तर ७४१ च्या प्रवेशाशीं तिचा परिणाम कांहीं थोड्या मायक्रोव्होल्टांएवढाच भासतो. पण चढउतार जितकी द्रुत तितकी ही सोंवळ्याची शक्ति घटत जाते. यासाठीं प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायाशीं अगदीं चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा एक संचयक बसविण्याची पद्धत आहे. वाड्यांत विहीर असली तरी रात्रीं तहान लागेल म्हणून उशाशीं पाण्याचा तांब्या ठेवतात, तशांतलाच हा प्रकार. चिपला एकाएकीं प्रवाह लागला तर लांबच्या तारेंतून तो येईपर्यंत दाब कोसळतो. उशाचा तांब्या तेवढी वेळ निभावून नेतो. नवशिके हा दोन-चार रुपयांचा संचयक कंटाळ्यानें गाळतात व मग वर्धक आपोआप आंदोलूं लागला म्हणजे चिपच्या नांवानें खडे फोडतात.

आतां झोंपेकडे वळूं. अनेक आधुनिक वर्धकांस एक जादा पाय असतो. त्यावर विशिष्ट दाब दिला कीं वर्धक निजतो व त्याचा प्रवाह एका मायक्रोअँपिअरच्याही खालीं जातो. हिंगोली जिल्हा हळदीसाठीं प्रसिद्ध आहे. वसमतकडील एकाद्या हळदीच्या वाफ्यांत ओलावा मोजणारी डबी पुरली आहे असें समजा. जमिनींतील ओल घटकेंत बदलत नाहीं. तेव्हां डबीनें तासांतून एकदां जागें व्हावें, माप घ्यावें व पुन्हां निजावें, हेंच शहाणपणाचें. जागेपणीं एक मिलिअँपिअर खाणारा वर्धक दर सेकंदास जरी एक मिलिसेकंद जागा राहिला तरी त्याचा सरासरी खर्च एका मायक्रोअँपिअरवर येतो. तासांतून एकदां उठणाऱ्या वर्धकाचा जेवणखर्च तर जवळजवळ त्याच्या झोंपेंतल्या श्वासाएवढाच उरतो. हळदीचें पीक आठ-नऊ महिने शेतांत असतें. तेवढ्या अवधींत घट पालटण्यासाठीं कोणास माती उकरावी लागूं नये, हा येथें मिळणारा खरा लाभ.

मात्र जाग येण्यास वेळ लागतो. झोंपेंतून उठलेल्या वर्धकाचे आंतले प्रवाह स्थिर व्हावयाचे असतात, भोंवतालचे संचयक भरावयाचे असतात. तोंवर तो जें सांगेल तें खरें मानतां येत नाहीं. माप घेण्यास एक मिलिसेकंद व सांवरण्यासही एक मिलिसेकंद लागत असेल तर खर्च दुप्पट झाला. म्हणून अशा कामासाठीं वर्धक निवडतांना तो निजल्यावर किती खातो याबरोबर तो उठण्यास किती वेळ लावतो, हाही आंकडा पाहावा लागतो. विक्रेत्यांच्या जाहिरातींत पहिला आंकडा ठळक टाइपांत असतो. दुसरा शोधावा लागतो.

शेताचें झालें, आतां घरचें. श्रवणयंत्राचा इतिहास हा बव्हंशीं विजेच्या काटकसरीचाच इतिहास आहे. निर्वात नळ्यांच्या काळीं ऐकूं येण्यासाठीं नळीची तार तापविणारा एक घट व नळीस दाब पुरविणारा दुसरा, असे दोन-दोन घट अंगावर वागवावे लागत. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बाजारांत आला तो ज्या वस्तूंतून प्रथम आला त्यांत श्रवणयंत्र अग्रभागीं होतें, आणि पुढें तें कानामागें मावूं लागलें. हल्लींच्या श्रवणयंत्रांत आवाजाचे आंकडे करून त्यावर संस्कार होतात. परंतु मायक्रोफोनलगतचा पहिला वर्धक अद्यापि जुन्याच जातीचा असतो, आणि त्यास १.४ व्होल्टांच्या जस्त-वायु घटावर दिवसभर जगावयाचें असतें. मधल्या आकाराच्या अशा घटांत सुमारें १७० मिलिअँपिअर-तास सांठा असतो. यंत्राचा खर्च दीड मिलिअँपिअर धरला व आजोबा दिवसाचे चौदा तास तें लावीत असले, तर घट आठ दिवस पुरेल.

पुष्कळ घरांतून असें दिसतें कीं वडील माणसें घट वांचविण्यासाठीं यंत्र डबींत ठेवतात व कोणी पाहुणा आला म्हणजेच कानास लावतात. ही काटकसर दोन कारणांनीं व्यर्थ आहे. जस्त-वायु घटावरील चिकट कागद एकदां काढला कीं हवा आंत शिरून रासायनिक क्रिया सुरू होते. मग यंत्र बंद असलें तरी घट हळूहळू क्षीण होतोच, आणि कागद पुन्हां डकविल्यानें तें पुरतें थांबत नाहीं. दुसरें कारण घटाहून मोठें आहे. घरांत सहज चाललेलें बोलणें, स्वयंपाकघरांतील हांक, नातवाचा प्रश्न, यांतलें कांहींच आगाऊ सूचना देऊन येत नाहीं. कान ज्या वेळीं निजलेला असतो नेमकें त्याच वेळीं कोणी बोलतें, आणि वृद्ध माणूस हळूहळू घराच्या संभाषणांतून बाहेर पडतें. रात्रीं निजतांना घटाचें झांकण उघडून ठेवावें, हें योग्य. दिवसा मात्र यंत्र कानावरच असावें. नव्या घटाचा कागद काढल्यावर तो दोन-चार मिनिटें उघडा ठेवून मग यंत्रांत बसवावा, म्हणजे त्यास पुरेशी हवा मिळून तो पूर्ण दाबास येतो. आठवड्यास एक घट हा खर्च घरानें आनंदानें सोसावा असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

औंढ्याच्या यंत्राची स्थिति वाफ्यांतील डबीपेक्षां या आजोबांशीं अधिक जुळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, आपल्या घड्याळांत दुपारचे तीन वाजून वीस मिनिटें झालीं असतां, अमेरिकेंतील लिव्हिंगस्टन येथील लायगो यंत्रांत व त्यानंतर सुमारें सात मिलिसेकंदांनीं हॅनफर्ड येथील यंत्रांत गुरुत्वतरंगांचा पहिला संकेत उमटला. तो सुमारें १३० कोटि वर्षें प्रवास करून आला होता आणि यंत्रांस ऐकूं आला तो सेकंदाच्या पांचव्या हिश्शाएवढा वेळ. त्या दिवशीं रीतसर निरीक्षणास प्रारंभही झालेला नव्हता. पूर्वतयारीच्या चांचण्या चालूं होत्या. काम अजून सुरू व्हावयाचें आहे, तोंवर निजूं द्या, असा विचार कोणी केला असता तर तो संकेत निघून गेला असता.

त्याच संकेताकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें म्हणजे पुरवठ्याचा प्रश्न उभा राहतो. त्याची आंदोलनसंख्या सेकंदास सुमारें ३५ पासून चढत चढत २५० पर्यंत गेली. अमेरिकेंतील वीज सेकंदास साठ आंदोलनांची आहे. म्हणजे संकेत तिच्या स्वरावरून चालत गेला. लायगोच्या रवाच्या आलेखांत साठ व त्याच्या पटींवर उंच सुळके उभे असतात, ते वगळूनच संकेत पाहावा लागतो. औंढ्यास ते पन्नासावर उभे राहतील, आणि पन्नासही त्याच पट्ट्यांत येतें. म्हणून अशा यंत्रांत वर्धकांस दिली जाणारी वीज किती निर्मळ आहे यावर इतकें लक्ष पुरविलें जातें. नाजूक पेट्यांतून अल्परव वर्धक पोटभर प्रवाह देऊन चालविले जातात. एका प्रकाशग्राहकाशीं बसलेला वर्धक अर्धपोटीं ठेवून कांहीं मिलिवॅट वांचविण्याचा विचार तेथें कोणाच्या मनांतही येत नाहीं. तेथेंही वर्धकांच्या वृत्ति पालटतात, पण त्या निराळ्या कारणानें. आरसे हेलकावे खात असतां त्यांस स्थिर करण्यासाठीं त्यांच्या टांगणीवरील चुंबकांजवळच्या वेटोळ्यांत जोरदार प्रवाह सोडावा लागतो. एकदां ते ठिकाणावर आले कीं वेटोळीं चालविणारे वर्धक कमी जोराच्या पण अधिक शांत अशा स्थितींत नेले जातात. दांडगें पोर आवरतांना हात घट्ट धरावा व तें शांत झाल्यावर नुसतें बोट धरावें, तसें.

एवढी जागरूकता कशासाठीं, हें १४ ऑगस्ट २०१७ च्या घटनेवरून कळेल. त्या दिवशीं अमेरिकेंतील दोन यंत्रांसमवेत इटलींतील व्हिर्गो हें तिसरें यंत्रही जागें होतें. केवळ दोन यंत्रांच्या नोंदींवरून तो संकेत आकाशाच्या सुमारें १,१६० चौरस अंशांपैकीं कोठून तरी आला एवढेंच म्हणतां आलें असतें. तिसऱ्याची नोंद मिळाल्याबरोबर तो प्रदेश सुमारें ६० चौरस अंशांवर आला. दुर्बिणी कोणीकडे रोंखावयाच्या हें ज्योतिषी मंडळींस त्यावरून कळतें. व्हिर्गोस ऐकूं आलेला संकेत दुबळाच होता. पण यंत्र त्या घटकेस चालूं होतें. औंढ्याचें यंत्र उभें राहिलें म्हणजे तें या मेळ्यांत पृथ्वीच्या फार निराळ्या कोपऱ्यांतून सामील होईल, आणि त्याच्या पेट्यांतील वर्धक दिवसरात्र आपला निवांत प्रवाह घेत बसतील. संकेत आठवड्यांतून एकदां आला तरीही.